आठ वाजून सात मिनिटांची मोटार

"पंख्याचा पट्टा तुटला, महाराज," धोंडबा ड्रायव्हर म्हणाला आणि तुटका पट्टा हातात धरून खाली मान घालून उभा राहिला.

सकाळचे सात वाजले होते. कातळपूर संस्थानात मोटार एकच, तिचा ड्रायव्हरही एकच, आणि उद्या युवराजांचा साखरपुडा दीडशे मैलांवर.

"म्हणजे काय झालं?" रणधवलराव महाराजांनी विचारलं.

"पंखा फिरणार नाही. गाडी दोन मैलांत तापेल आणि बसेल. पागेतला भिकाजी खोगिरं शिवतो, तो चामड्याचा पट्टा शिवून देईल. दुपारपर्यंत होतंय काम."

दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, बरं, दुपारी निघू. पण रणधवलराव म्हणजे एक वेगळंच प्रकरण होतं. त्यांनी मोटारीची जन्मपत्रिका करून घेतली होती. हो, मोटारीची! मोटार बोटीतून उतरली ती वेळ धरून जोशीबुवांनी कुंडली मांडली, रास वृषभ निघाली. त्या पत्रिकेवरून आजचा मुहूर्त आठ वाजून सात मिनिटांचा, आणि तो चुकला तर पुढचा एकोणीस दिवसांनी. गेल्या वर्षी मोटार चार मिनिटं उशिरा निघाली होती, तर पुलावर एक म्हैस अशी ठाण मांडून बसली की महाराज मेजवानीला पोचेपर्यंत बासुंदी संपली. ते दुःख महाराजांनी अजून गिळलं नव्हतं.

"मोटार आठ सातला वेशीबाहेर गेलीच पाहिजे," महाराज गरजले. "नाही गेली, तर धोंडबा, तू आजच बिऱ्हाड उचल."

धोंडबाच्या तोंडचं पाणी पळालं. अकरा वर्षं तो मोटारखान्यामागच्या खोलीत राहत होता. दुसरं काम त्याला येत नव्हतं, आणि शंभर मैलांत दुसरी मोटारही नव्हती.

दिवाणजी पुढं झाले. "सरकार, बैल जुंपून ओढून नेऊ."

"वृषभ राशीच्या गाडीला बैल? तिच्याच भावकीला जुंपता?"

"मग माणसं लावून ढकलू."

"आम्ही वरपक्ष आहोत, दिवाणजी. ढकलत निघालो तर लोक म्हणतील, घरातून हाकलून दिलं."

जोशीबुवांनी हळूच सुचवलं, "वाड्यातलं घड्याळ थोडं मागं केलं तर?"

"घड्याळाचा कान पिळाल हो. ग्रहांना काय सांगाल?"

मोटारीच्या पलीकडे धोंडबाची सतरा वर्षांची पोर, हौसा, हातात फडकं घेऊन उभी होती. रोज सकाळी मोटार पुसायचं काम तिचं. तिला राग आला. एका वीतभर पट्ट्यापायी माझ्या बापाला घराबाहेर काढणार? तिनं फडकं खांद्यावर टाकलं.

"मोटार आठ सातला निघंल, महाराज. मला फक्त वाजंत्री द्या."

"आणि नाही निघाली तर?"

"तर बाबांबरोबर मीबी चालती होईन."

"चालती तर तू तशीही होणारच."

"मग आणखी काय देऊ? जवळ होतं ते सांगितलं."

महाराजांनी वाजंत्री दिले.

हौसानं बापाकडून मोटारीच्या पाठीला बांधलेलं जादा चाक सोडवून घेतलं. त्याला हळदकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली आणि सनईच्या सुरात ते गडगडत वाड्याबाहेर काढलं. बाजाराच्या उतारावर चाक जे सुटलं ते सुटलंच! पुढं चाक, मागं हौसा, तिच्या मागं धापा टाकत ताशेवाले. दोन म्हाताऱ्यांनी चाकाला हात जोडले. बरोबर आठ वाजून सात मिनिटांनी ते वेशीतून पार झालं. हौसानं ते मारुतीच्या पाराला टेकवलं, पुढं नारळ ठेवला आणि पदरानं घाम पुसत ती वाड्यात परत आली.

महाराज लालबुंद होऊन वाटच पाहत होते. "मोटार इथंच उभी आहे! थट्टा मांडलीस आमची?"

"नाही, महाराज. मुहूर्तावर निघणं जमत नसलं की माणूस काय करतो? प्रस्थान ठेवतो. स्वतःची एखादी वस्तू मुहूर्ताला वेशीबाहेर नेऊन ठेवली, की तो निघाला असं धरतात. मागनं मग सवडीनं जावं. मोटारीनं आपलं चाक ठेवलं."

"ती रीत माणसांची!"

"पत्रिका तरी कुणाची करतात? मोटारीला पत्रिका चालती, तर प्रस्थान का चालू नये?"

जोशीबुवांनी मान डोलावली, पण महाराज हट्टाला पेटले होते. "अगं, पण नुसतं चाक! त्याला इंजिन नाही, गादी नाही, आत आम्ही नाही. त्याला मोटार गेली असं कसं म्हणायचं?"

"गेल्या दसऱ्याला तुमचं प्रस्थान ठेवलं, महाराज. पालखीत नुसता फेटा होता. महाराज निघाले म्हणून तोफ उडाली, साऱ्या गावानं मुजरे केले. त्या फेट्यात डोकं कुठं होतं?"

दिवाणजी आभाळाकडे बघायला लागले. धोंडबानं तर डोळेच मिटून घेतले.

आधी महाराजांच्या मिशा हलल्या, मग पोट हललं, आणि मग ते असे खदखदून हसले की त्यांना मोटारीच्या पायरीवर बसावं लागलं. "नव्हतं ग पोरी! डोकं नव्हतंच!" डोळे पुसत ते म्हणाले, "धोंडबा, पट्टा निवांत शिवून घे. घाई कसली, मोटार केव्हाच निघालीय."

त्यांनी तिथल्या तिथं मोटारखान्यामागची खोली धोंडबाच्या नावानं कायमची करून दिली. हौसाला इरकली लुगडं मिळालं आणि साखरपुड्याला जाताना पुढच्या सीटवर बापाशेजारची जागा. तिथं रोज दिवाणजी बसायचे. ते त्या दिवशी मागं, मिठाईच्या करंड्यांमध्ये बसून गेले.