दुसऱ्या वेळचं ताट

“तुम्ही एकदाच जेवता ना, बुवा? मग मी एकदाच जेवले तर बिघडलं कुठे?”

शाल्मलीनं हे अगदी शांतपणे विचारलं. समोरची खिचडी निवून घट्ट झाली होती. ताट तिनं एका बोटानं हळूच पुढे सरकवून ठेवलं होतं.

प्रश्न मठाच्या दाजीबुवांना होता.

बोलला तो रंगनाथ. तो बुवांचा पट्टशिष्य, आणि पट्टशिष्यांना गुरूला विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं आधीच येत असतात.

“पोरीचं चूक नाही, बुवा. औषधांनी जे झालं नाही ते तुमच्या व्रतानं झालं.”

बुवा एकभुक्त होते. दिवसातून एकदा, दुपारच्या पंगतीत जेवायचे, मग दुसऱ्या दिवशीच्या पंगतीपर्यंत काही नाही. कित्येक वर्षांचं हे व्रत. व्रत बुवांचं, पण त्याची मिजास रंगनाथाला. नदी ओलांडून मठात आलेल्या माणसाचे पाय वाळायच्या आत तो ते ऐकवून मोकळा व्हायचा. त्यानं ते शाल्मलीलाही ऐकवलं होतं, चांगलं तिखटमीठ लावून.

ही शाल्मली म्हणजे मठाचं स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या यमूआत्याची भाची. शहरात कॉलेजात असताना तिला अन्नाची भीती बसली. घास मोजता मोजता घासच सुटले. हॉस्पिटलात राहून जरा सावरली, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी बजावून तिला इथे आत्याकडे पाठवलं होतं : थोडं थोडं, पण वेळच्या वेळी खायचं. कोणीतरी सोबत बसायचं. अंगकाठीवरून बोलायचं नाही. वेळा चुकवू लागली तर पुन्हा भरती करावी लागेल, कारण आणखी उपास तिच्या हृदयाला झेपणार नाहीत.

हे आत्यानं सगळ्यांना सांगितलं होतं. रंगनाथालाही.

“आता ती रडत नाही, ताटावरून भांडत नाही,” रंगनाथ म्हणाला. “या वयात केवढा निग्रह! कीर्तनाला आलेल्या बायका तिच्या पाया पडून गेल्या.”

“आणि आज घाटावर तिला घेरी आली, ते?” बुवांनी विचारलं.

“ऊन लागलं असेल.”

“पहाटे?”

रंगनाथ खांद्यावरचं उपरणं झटकू लागला.

बुवा शाल्मलीकडे वळले.

“दुपारी जेवतेस, तेव्हा काय वाटतं गं?”

“भीती.”

“कशाची?”

“आता थांबताच येणार नाही, याची.”

“आणि संध्याकाळी ताट सारतेस तेव्हा?”

“जिंकल्यासारखं वाटतं.”

“किती वेळ?”

“थोडा वेळ,” ती म्हणाली. “मग पुन्हा भीतीच.” तिच्या डोळ्यांत पाणी आलं. “तुम्हाला बरं आहे, बुवा. तुम्ही जेवला नाहीत की लोक नमस्कार करतात. मी जेवले नाही की आई रडते.”

बुवांनी नदीकडे पाहिलं. पलीकडच्या काठावर दिवे लागत होते.

मग त्यांनी हाक मारली. “यमू, दोन ताटं वाढ. गरम.”

“दुसरं कोणाला?”

“मला.”

आत पळी थांबली.

“बुवा,” रंगनाथ उठून उभाच राहिला, “दिवस मावळला.”

“दिसलं मला.”

“लोक काय म्हणतील?”

“ते तू सांगशीलच की त्यांना. तुला सवय आहे.”

यमूआत्यानं निवलेलं ताट उचललं आणि दोन ताटं आणून ठेवली. दोन्हीत सारखीच खिचडी, दोन्हीवर सारखंच तूप.

रंगनाथाला मात्र राहवेना. जे होतंय ते निदान नीट तरी व्हावं म्हणून तो पातेलं घेऊन आला. मठाच्या पंगतीत त्याचा आग्रह प्रसिद्ध होता, नको म्हणणाऱ्याला तो हमखास दोनदा वाढायचा. तो शाल्मलीसमोर वाकला. “बघ, बुवा बसले तुझ्यासाठी. घे एवढं, त्यांच्या नावानं…”

बुवांनी आपला हात तिच्या ताटावर आडवा धरला.

“आग्रह नको. बसायचं तर बस, आणि नदीकडे बघ.”

रंगनाथ बसला, आणि नदीकडे बघू लागला.

बुवांनी पहिला घास घेतला. या वेळेला अन्न कसं लागतं हे त्यांचं पोट केव्हाच विसरलं होतं. घास तोंडात फिरू लागला. त्यांनी डोळे मिटले, कसाबसा गिळला आणि पाण्याच्या भांड्याला हात घातला.

शाल्मली बघत होती.

“जड जातंय?”

“जातंय.”

“मग?”

“मग काय… पुढचा घास.”



“हळू खा, बुवा,” ती म्हणाली. “घाई करायची नाही. आमच्या डॉक्टर सांगतात, पोटाला सवय व्हायला वेळ लागतो. त्याच्यावर रागवायचं नाही.”

“शहाण्या आहेत तुझ्या डॉक्टर.”

असं म्हणून बुवांनी दुसरा घास घेतला. शाल्मलीनं पहिला घेतला.

ताटाकडे कोणी बघत नव्हतं. बुवांनी विचारलं, शहरात रिक्षावाले अजून भांडतात का. ती म्हणाली, भांडतात, पण आता मोबाइलवर बोलता बोलता. बुवांना हसताना ठसका लागला. शाल्मलीनं पाणी पुढे केलं आणि तीही हसली. आत यमूआत्यानं पदर डोळ्यांना लावला. तिच्या भाचीचं हसणं या मठानं त्या दिवशी पहिल्यांदाच ऐकलं.

खिचडी संपायला फार वेळ लागला. पण संपली, दोघांचीही. शाबासकी कोणी दिली नाही. शाल्मली दोन्ही ताटं उचलून आत गेली.

मग रंगनाथाचा बांध फुटला.

“एवढ्या वर्षांचं व्रत, बुवा… माझ्या बडबडीनं मोडलं.”

“माझ्या हातानं मोडलं रे. तू नदीकडे बघत होतास.”

“आता प्रायश्चित्त घ्यावं लागेल.”

“लागेल.”

“काय घेणार?”

बुवा पोटावरून हात फिरवत होते. चांगलंच जड झालं होतं त्यांना.

“उद्यापासून रोज संध्याकाळी जेवायचं.”