शिवेवरचं जातं

दोन मैत्रिणी होत्या, बरं का. एक ठकू आणि एक भागू. दोघी कासारांच्या घरच्या. एकीच्या घरी फोडणी पडली की दुसरी ताट घेऊन हजर, असं त्यांचं.

त्यांच्या गावापाशी एका राजाचं राज्य संपायचं आणि दुसऱ्याचं सुरू व्हायचं. तिथं शीव होती. ना भिंत, ना पहारेकरी, नुसता एक शेंदूर फासलेला दगड. पण पलीकडे जाणारं माणूस तिथं थांबायचं, गावाकडे तोंड करायचं आणि म्हणायचं, "येते गं." पुरुष असला तर "येतो रे." तसं म्हटल्याशिवाय कुणी पाऊल टाकत नसे. का, ते कुणी विचारतही नसे.

एकदा काय झालं, दोघी निघाल्या पलीकडच्या बाजारात बांगड्या विकायला. भागूचं तोंड सकाळपासून फुगलेलं. आईनं तिला उठवून जात्यावर बसवलं होतं आणि हिला लोळायचं होतं. तुमच्यातही आहे अशी एक, नाव घेत नाही मी. मग दगडापाशी ठकू म्हणाली, "येते गं." आणि भागू पाय आपटून म्हणाली, "जाते!"

वारा एकदम पडला. पण झालं काहीच नाही, मग दोघी पुढे निघाल्या.

पुढे ओढा लागला. दोघी वाकल्या, तर पाण्यात एकट्या ठकूचंच तोंड. मग चिंचेचं झाड लागलं. भागूनं चिंच तोडायला हात वर केला, तर तिच्या बांगड्या वाजेनात. मग बाजार आला. बायका ठकूशी बोलायच्या, आणि भागू उभी होती तिथं टोपली ठेवायला बघायच्या.

"ठके, मला घरी ने गं," भागू म्हणाली. तिचा आवाजही पातळ झाला होता, पाणी घातलेल्या ताकासारखा.

दोघी पळत परत आल्या. ठकू शीव ओलांडून अलीकडे आली. भागूनं पाऊल उचललं, ते पलीकडेच पडलं. पुन्हा उचललं, पुन्हा पलीकडेच. मग ठकूनं तिचा हात धरून ओढला, तर मुठीत नुसता गार वारा.

तेवढ्यात दगडामागून एक बाई उठली. डोक्यावरून पदर, आणि पदराच्या आत काहीच नाही. घाबरू नका, पाय माझ्या पायाला लावा बघू.

"ही जाते म्हणाली," बाई बोलली. "जाते म्हणेल ती माझी. दिवस बुडेपर्यंत हिचं नावही सगळे विसरतील."

ठकूला रडू फुटलं. पण नावाप्रमाणेच ठकवणारी ती! डोळे पुसून म्हणाली, "बाई, तुमची ऐकण्यात चूक झाली. ती 'निघाले' असं नव्हती म्हणत. घरचं दळायचं जाते आहे ना, त्याचं बोलत होती. सकाळपासून तेच डोक्यात तिच्या."

"त्याला जातं म्हणतात."

"आमच्या घरी जाते म्हणतात!"

बाई हसली. म्हणजे पदर हलला. "मग दिवस बुडायच्या आत ते इथं आण. हिचं आहे का बघू."

ठकू धावत भागूच्या घरी गेली. "मावशी, चला लवकर, भागू अडकलीय शिवेवर!"

भागूच्या आईनं वर पाहिलं. "कोण भागू?"

अगं बाई! ठकूनं मावशीचा हात ओढला आणि जात्याच्या खुंट्यावर ठेवला. मावशीनं खुंटा धरला, आणि सवयीनं खाली थोडी जागा सोडली. समोरच्या हातासाठी. त्या जागेकडे ती बघत बसली. बघता बघता तिचे डोळे भरून आले.

"सकाळी समोर कोण बसलं होतं गं?" ती म्हणाली. "माझी भागू कुठाय?"

मग ठकूनं सगळं सांगितलं, आणि जात्याचा एक दगड आईनं उचलला, एक ठकूनं. धापा टाकत दोघी शिवेवर आल्या. ऊन अगदी विटकरी झालं होतं. आईनं जातं बरोबर शिवेवर मांडलं, अर्धं अलीकडे, अर्धं पलीकडे. मूठभर ज्वारी घातली, खुंटा धरला, जागा सोडली.

"भागू, लाव हात," ती म्हणाली.

भागूनं हात लावला. जातं फिरलं, घरर्र, घरर्र. खुंटा पलीकडून अलीकडे आला आणि त्याच्याबरोबर भागूचा हात आला. मग खांदा आला. मग अख्खी भागू अलीकडे येऊन आईच्या मांडीवर पडली, आणि बांगड्या वाजल्या खळ्ळकन.

"हिचंच आहे," बाई म्हणाली, आणि दगडामागे दिसेनाशी झाली.

आईनं भागूच्या पाठीत एक धपाटा घातला आणि मग तिला सोडीचना. त्यांनी मूठभर पीठ दगडावर ठेवलं. सकाळी बघतात तर पीठ नाही, आणि धुळीत पाऊलही नाही. पुढे ठकू सुखात, भागू सुखात, मावशीही सुखात.

चला, मिटा डोळे. काय म्हणालीस? झोपायला जाते? तसं नाही म्हणायचं, बाळा. झोपेलाही शीव असते. माझ्याकडे तोंड कर आणि नीट म्हण.

हं. ये हो. मी इथंच बसलेय.