उंबरजाईचा बिनशेंदराचा गाल

नेरवाडीच्या उंबरजाईला अंगभर शेंदूर आहे, फक्त डावा गाल उघडा आहे. दगडाचा, काळा. नवखे लोक पुजाऱ्याला हटकून विचारतात, शेंदूर पुरला नाही का? शेंदूर भरपूर आहे, बाबांनो. त्यामागची हकीकत आहे ती अशी.

फार पूर्वी धाकू गुरवाकडे देवीची पूजा होती. घरात बाई म्हणाल तर एकटी सून, चांगुणा. नवव्या वर्षी सून म्हणून आली आणि लेक होऊन राहिली. जत्रेचा शेंदूर तीच तेलात कालवायची. एका वर्षी तिच्या डाव्या गालावर चिंचोक्याएवढा पांढरा डाग उठला आणि बघता बघता तळहाताएवढा झाला.

कोड! गावाने धसका घेतला. बायका पाणवठ्यावर तिच्यापासून घागरी दूर ओढू लागल्या. पाटलाने सांगितले, जत्रेआधी सुनेला कायमची माहेरी धाड, नाहीतर पूजा सोड. नवरा खाली मान घालून बसला. खुद्द धाकूनेही दोन दिवस भाकरी तिच्या हातून घेतली नाही. म्हणाला, चुलीपाशी ठेव. तिसऱ्या दिवशी त्याने पाहिले, भाकरी ठेवल्यावर ती स्वतःचा हात लागलेली परात पदराने पुसत होती. म्हाताऱ्याला तिथेच रडू फुटले. त्या दोन दिवसांची लाज त्याला जन्मभर पुरली, असे सांगतात.

जत्रेच्या सकाळी त्याने दार लावून एकट्याने देवी रंगवली. शेंदूर कालवायला तेल पाटलाच्याच घरून आले होते, विटाळ नको म्हणून. दार उघडले तेव्हा सगळा गाव समोर उभा होता.

"धाकू, गाल ऱ्हायला की रं," पाटील म्हणाला.

"ऱ्हायला न्हाई, पाटील. आईच्या गालावरबी डाग आलाय. आता गावानं सांगावं, हिचं माह्यार कुठं हाय? कुठं धाडायची हिला?"

पाटील चिडला. त्याने स्वतः बोटाने त्या गालावर शेंदूर लावला, तर तो म्हणे निथळून खाली आला. पुन्हा लावला, पुन्हा तेच. कोणी म्हणतात, तेल जास्त झाले होते. असेलही. पण तेल चांगुणाच्या हातचे नव्हते, एवढे खरे.

मग पाटलाची म्हातारी आई गर्दीतून पुढे आली. मागे खांबाआड उभ्या असलेल्या चांगुणाचा हात धरून तिला गाभाऱ्यात नेले आणि म्हणाली, "पोरी, नैवेद्य तूच दाखव. आमचं हात कुठं चांगलं ऱ्हायलं?"

आजही नेरवाडीत नवी सून आली की घरी नेण्याआधी तिला देवळात आणतात. सासू आधी देवीच्या उघड्या गालावरून हात फिरवते, मग तोच हात सुनेच्या गालावरून. त्या वेळी सासूने डोळे मिटून घ्यायचे असतात; डाग हाताला कळत नाही, म्हणून.