झाकून ठेवलेला बंपर

“म्हणजे जुनाच बसवू, की नवा?”

वामनराव केळुसकरांनी पुन्हा तेच विचारलं. कायद्याचे निवृत्त प्राध्यापक. वादात कुणाला हार गेलेले नव्हते. पण आपल्या जुन्या फियाटला पुढचा बंपर कुठला लावावा, हे त्यांना वर्षभर ठरवता आलं नव्हतं.

पन्हाळ्याच्या पायथ्याशी अच्युतबुवांचा लहानसा मठ. अंगणात दोन बंपर आडवे पडले होते. वर गोधडी, आत जाड प्लास्टिक. कोल्हापूरहून ते रिक्षातून आले होते, दोन्ही बाजूंनी बाहेर डोकावत.

“फरक काय दोघांत?” बुवांनी विचारलं.

“जुना मूळचा. लोखंड जाड, माप बिनचूक. पोचे काढून नव्यानं क्रोम चढवून घेतलंय. नव्याची चकाकी जास्त, पण पत्रा पातळ… आणि कोपऱ्याला बोटभर फट राहते.”

“मग जुना लाव.”

“पण त्यावरचं क्रोम टिकेल का?”

“मग नवा लाव.”

“त्याची तर त्याहून खात्री नाही.”

बुवांनी शेजारी बसलेल्या शालिनीबाईंकडे, वामनरावांच्या पत्नीकडे, पाहिलं.

“बुवा, गाडी वर्षभर तोंडाचं बोळकं करून उभी आहे,” शालिनीबाई म्हणाल्या. “माझी ताई वेंगुर्ल्याला वाट बघतेय. नव्वदीला आलीय. लग्न होऊन मी याच गाडीतून निघाले होते, तर याच गाडीतून ये म्हणते. पण ह्यांचं आपलं एकच. खारी हवा क्रोमला खाते.”

“खातेच,” वामनराव म्हणाले. “पुस्तकात आहे.”

“पुस्तकात ताई नाही.”

बुवा उठले. हाताला लागला तो बंपर त्यांनी ओढला, गोधडी बाजूला केली, प्लास्टिक सोडलं.

जुना होता. आतून कोंदट वास आला. चकचकीत क्रोमवर मोहरीएवढे तांबूस ठिपके उठले होते.

वामनराव खाली वाकले. बराच वेळ वाकलेलेच राहिले.

“याला तर मी वारासुद्धा लागू दिला नव्हता…”

“मग समुद्रच घरी आला असेल,” शालिनीबाई म्हणाल्या.

बुवांनी पाण्याचा भरलेला तांब्या उचलला आणि बंपरवर ओतला.

“बुवा… अहो, हे काय…”

बुवांनी खांद्यावरचं उपरणं वामनरावांपुढे धरलं.

वामनराव घाईघाईनं पुसू लागले.

“मागूनही पुसा. पाणी तिथंच साठतं,” म्हणत शालिनीबाई शेजारी टेकल्या आणि उपरण्याचं दुसरं टोक त्यांनी स्वतःच हातात घेतलं.

काही ठिपके गेले. काही राहिले. बंपरच्या फुगीर भागात दोघांची तोंडं दिसू लागली, पसरट, गालफुगी. शालिनीबाईंना हसू आलं. मग वामनरावांनाही.

“पण बुवा,” ते हळूच म्हणाले, पुसणं चालूच होतं, “वेंगुर्ल्याची हवा लागणारच ना याला?”

“लागू दे. पुसायला तू आहेस ना?”