विद्यापीठाचा पोहण्याचा हौद

खूप खूप वर्षांपूर्वी, दोन डोंगरांच्या मधून वाहणाऱ्या एका नदीच्या काठी एक विद्यापीठ होते. ते राजाचे नव्हते आणि कुणा धनिकाचेही नव्हते. आजूबाजूच्या चाळीस गावांनी मिळून ते उभे केले होते. दर सुगीला प्रत्येक घरातून एक पायली धान्य विद्यापीठाच्या कोठारात येई आणि त्या धान्यावर चाळीस गावांची मुलेमुली तिथे शिकत.

निम्मी गावे नदीपलीकडे होती. तिकडची मुले रोज नावेने ये-जा करत. नदी वरून शांत दिसे, पण तिच्या पोटात ओढ होती. दर एक-दोन वर्षांनी कुणीतरी बुडे. लोक चार दिवस हळहळत, मग पुन्हा नाव चालू होई.

विद्यापीठात सुभाना नावाचे एक शिक्षक होते. तरुणपणी ते नाव चालवत, आता मुलांना पोहायला शिकवत. पण ओढीच्या पाण्यात नवख्या मुलाला उतरवणार कसे? त्यामुळे सहाशे मुलांपैकी वर्षाला जेमतेम आठ-दहा जण त्यांच्याकडे शिकत.

एके दिवशी सुभाना कुलगुरूंकडे गेले.

"आचार्य, मला एक हौद बांधून द्या," ते म्हणाले. "एका बाजूला कमरेइतकं पाणी, दुसऱ्या बाजूला पुरुषभर. नदीतून पाट काढला की भरेल. मग दोन वर्षांत पोहता येत नाही असं एकही पोर राहणार नाही."

कुलगुरू विद्वान होते आणि मनाने चांगले होते. त्यांना ते पटले. "दोन सुग्या थांबा," ते म्हणाले. "उरलेलं धान्य विकून तेवढं जमेल." आणि त्यांनी खरोखरच त्यासाठी वेगळी थैली ठेवली.

दुसरी सुगी आली. हौदापुरते पैसे जमले. त्याच महिन्यात राजधानीतून एक नगरशेठ विद्यापीठ पाहायला आला. सगळीकडे फिरून झाल्यावर तो कुलगुरूंना म्हणाला, "शेजारच्या राज्यातल्या विद्यापीठाचं क्रीडागार पाहिलंत का? चढत्या दगडी पायऱ्या आहेत, दहा हजार माणसं बसतात. राजे-महाराजे खेळ बघायला येतात. तुमच्याकडे काय आहे? मातीचा आखाडा आणि धुळीचं मैदान."

कुलगुरूंना ते लागले. त्यांचे दोन उत्तम मल्ल त्याच वर्षी त्या दुसऱ्या विद्यापीठात निघून गेले होते.

"तसंच क्रीडागार इथे बांधा," नगरशेठ म्हणाला. "निम्मा खर्च मी देतो, निम्मा विद्यापीठाने करायचा. दारावर माझ्या वडिलांचं नाव हवं. पौर्णिमेच्या आत होकार कळवा, नाहीतर मी दुसरीकडे देईन."

विद्यापीठाचा निम्मा वाटा द्यायचा तर हौदाची थैली रिकामी करावी लागणार होती. पौर्णिमेच्या आदल्या दिवशी पाच आचार्यांची सभा बसली.

व्याकरणाच्या आचार्या म्हणाल्या, "हे धान्य लोकांनी दिलं आहे. हौद ठरला होता, हौदच व्हावा." वैद्यकाच्या आचार्यांनी मान डोलावली.

गणिताचे आचार्य म्हणाले, "असा दाता पुन्हा दाराशी येणार नाही. हौद काय, पुढच्या वर्षीही बांधता येईल." न्यायशास्त्राचे आचार्य त्यांच्या बाजूने गेले.

आता सगळे कुलगुरूंकडे पाहू लागले. कुलगुरूंनी सुभानांना आत बोलावून घेतले आणि विचारले, "सुभाना, एक वर्ष थांबता येईल का?"

सुभाना म्हणाले, "मी थांबेन, आचार्य. नदी थांबेल असं मी कसं सांगू?"

कुलगुरूंना उत्तर कळले होते. पण त्यांच्या डोळ्यांपुढे दगडी पायऱ्या होत्या, त्यांवर बसलेला राजा होता आणि परत आलेले मल्ल होते. शिवाय नगरशेठाचा माणूस बाहेर ओसरीवर कागद घेऊन बसला होता.

"पुढच्या वर्षी नक्की," कुलगुरू म्हणाले. "माझा शब्द आहे." आणि त्यांनी कागदावर मोहर उमटवली.

क्रीडागार बांधायला घेतले. दगड दुरून आणावा लागला, खर्च वाढत गेला. पुढच्या वर्षीचे उरलेले धान्य पायऱ्यांत गेले. सुभानांनी आठवण करून दिली, तेव्हा कुलगुरू म्हणाले, "राजाच्या बैठकीवरचं छत तेवढं होऊ द्या." त्याच्या पुढच्या वर्षीचे धान्य छतात गेले.

तिसऱ्या वर्षी काम पुरे झाले. उद्घाटनाला राजा आला. चाळीस गावांतून माणसे लोटली. पायऱ्या भरून गेल्या, ढोल-ताशे वाजू लागले. नदीपलीकडची तीस मुलेमुली धावण्याच्या शर्यतीसाठी निघाली होती. उशीर होऊ नये म्हणून ती सगळी एकाच नावेत बसली.

मध्यधारेत नाव कलली आणि उलटली.

वरच्या पायऱ्यांवरून नदी स्पष्ट दिसत होती. तिथे बसलेल्यांनी सगळे पाहिले. ते उठून ओरडू लागले, पण ढोलांच्या आवाजात खालच्यांना काही ऐकू गेले नाही. त्यांना वाटले, लोक आनंदाने ओरडताहेत. ढोल थांबेपर्यंत बराच वेळ गेला.

सुभाना धोतराचा काचा मारून पाण्यात उतरले. तेव्हा त्यांना साठावे वर्ष लागले होते. एकेक करून त्यांनी चार मुले काठावर आणली. पाचव्यांदा ते पाण्याकडे वळले, तेव्हा लोकांनी त्यांना धरून ठेवले. त्यांच्याकडे शिकलेली पाच मुले नावेत होती. ती स्वतः पोहत बाहेर आली आणि आणखी तिघांना घेऊन आली. काही जण उलटलेल्या नावेला धरून राहिले आणि वाचले. अकरा जण गेले.

राजा निघून गेला. नगरशेठही गेला.

संध्याकाळी अकराही जणांना काठावर ओळीने ठेवले होते. कुलगुरू तिथे आले. पलीकडच्या गावातली एक बाई आपल्या मुलीचे ओले केस पदराने पुसत होती. तिने मान वर केली.

"तुम्हीच का इथले मोठे गुरुजी?"

"हो."

"पाच वर्षं इथे शिकली ही. श्लोक म्हणायची, ग्रहणाचा दिवस मोजून सांगायची." बाई हळू आवाजात बोलत होती. "पोहायचं शिकवायचं राहिलं का?"

राहिले नव्हते, कुलगुरूंनी ते बाजूला ठेवले होते, हे त्या बाईला सांगायचे कसे? ते मातीत खाली बसले. बाई पुन्हा मुलीचे केस पुसू लागली.

दुसऱ्या दिवशी कुलगुरूंनी चाळीस गावांच्या पंचांपुढे सगळे सांगितले. थैली कुठे गेली ते सांगितले आणि मोहर कुणी उमटवली तेही सांगितले. मग त्यांनी पद सोडले. पंचांनी हौदाचे काम काढले. या वेळी त्यांनी धान्य उरण्याची वाट पाहिली नाही. गावोगावची माणसे कुदळ-फावडे घेऊन आली. नदीतून पाट काढला, दगड बसवले. हौद बावीस दिवसांत पुरा झाला. माती वाहणाऱ्यांमध्ये जुने कुलगुरूही होते. त्यांच्याशी कुणी वाईट वागले नाही, पण आपणहून कुणी बोललेही नाही.

सुभानांनी हौदात पहिला वर्ग घेतला, तेव्हा इकडच्या काठावरची मुले आली. पलीकडच्या गावांनी धान्य पाठवणे थांबवले नाही. सुगीला पायली येत राहिली. मुले मात्र त्यांनी पुन्हा पाठवली नाहीत.

तात्पर्य: सगळ्यांनी मिळून दिलेल्यातून आधी जीव वाचवणारी गोष्ट करावी, मिरवण्याची नंतर. मिरवणे पुढच्या वर्षावर ढकलता येते, जीव ढकलता येत नाही.