ओल्या दोराची गाठ

फार जुन्या काळची गोष्ट, बरं का. एका राज्यात दोर वळणारा एक म्हातारा राहायचा. त्याने शोधलेली गाठ म्हणजे राज्यभरच्या विहीर खणणाऱ्यांच्या जिवाचा आधार. ती तो सगळ्यांना फुकट शिकवायचा. वर एकच सांगणं, "कुठे घसरली, कुठे चुकली, तर मला येऊन सांगा रे! मी काही विहिरीत उतरत नाही. मला कळणार कसं?"

एका वर्षी त्याने गाठीत थोडा बदल केला. नवी गाठ झटक्यात बांधता यायची, झटक्यात सोडता यायची. सगळे खूश झाले.

त्या राज्यात विहिरी खणणाऱ्या साठ माणसांची एक मोठी टोळी होती. टोळीच्या मुकादमाच्या लक्षात आलं, की दोर ओला झाला की नवी गाठ हळूहळू सरकते. जुनी कधी सरकत नव्हती. तो टोळीच्या नाइकाकडे गेला.

"म्हाताऱ्याला सांगून येऊ का? अर्ध्या दिवसाची तर वाट आहे."

"खुळा की काय!" नाईक म्हणाला. "धर्माची गाय अन् दात का गं नाय, असं हसतील लोक. शिवाय आपली गाठ सरकली असा बोभाटा झाला, तर काम कोण देईल? आपण गुपचूप जुनी गाठ बांधायची. सांगेल की दुसरा कोणीतरी!"

मुकादमाने जायचा बेत सोडून दिला. खरं सांगायचं तर त्याला बरंच वाटलं, पायपीट वाचली. चार महिने टोळी जुन्या गाठीवर सुखात खणत राहिली. तिकडे म्हाताऱ्याकडे एकही तक्रार गेली नाही. गाठ छान जमली असं समजून तो बिचारा गावोगावच्या लोकांना तीच शिकवत राहिला.

एका दुपारी मुकादम परगावी निघाला होता. वाटेत एक नवरा-बायको विहीर खणताना दिसले. नवरा दोराला टांगलेल्या पाळण्यात बसून खोल आत कातळ फोडत होता, बायको वर माती पसरत होती. सकाळपासून चिखलाच्या पाट्या ओढून दोर चिंब झालेला, आणि त्याचं टोक खुंट्याला बांधलेलं. नव्या गाठीने!

मुकादमाने निरखून पाहिलं. गाठ सरकत होती. बोटभर. आणखी बोटभर.

"अगं बाई, दोर धर!" तो ओरडत धावला. तो पोचतो न पोचतो तोच गाठ सुटली. त्याने दोन्ही हातांनी दोर पकडला. दोर तळव्यांची कातडी सोलत सरसर निघाला. त्याने जीव खाऊन पाय रोवले, बाईनेही मागून दोर धरला, तेव्हा कुठे तो थांबला. मग दोघांनी मिळून नवऱ्याला वर काढलं.

बाई त्याच्या पाया पडली. "दादा, देवासारखे आलात! पण गाठ सुटणार हे लांबून कसं ओळखलंत?"

मुकादमाला खोटं बोलवेना. "चार महिन्यांपासून ठाऊक आहे," तो म्हणाला.

बाईने त्याच्या पायांवरचे हात काढून घेतले. "ठाऊक होतं? आणि कुणाला बोलला नाहीत?"

तो तसाच रक्ताळलेल्या हातांनी म्हाताऱ्याच्या दारी गेला. म्हाताऱ्याने सगळं ऐकलं, दोर पाण्यात बुडवला, गाठ बांधून पाहिली. मग तिला एक वेढा जास्त दिला. गाठ जागची हलेना. तांब्याभर पाणी पिऊन होईपर्यंतचं काम!

"एवढंच होतं रे," म्हातारा रडत म्हणाला. "कुणीतरी सांगायचं होतंत!"

नवी गाठ शिकलेल्या बारा गावांना लगोलग निरोपे धावले. अकरा गावांत वेळेवर पोचले. बाराव्या गावात निरोप्या शिरला, तेव्हा लोक एका तरण्या गड्याचं प्रेत विहिरीतून वर काढत होते. गाठ सकाळीच सुटली होती.

ते नाइकाच्या कानावर गेलं. त्यानंतर त्याच्या टोळीत एवढंसं काही बिघडलं, तरी आधी एक माणूस म्हाताऱ्याच्या दारी धावायचा. पण त्या गड्याच्या आईला त्याचं काय!

तेव्हा लहानांनो आणि थोरांनो, एवढं ध्यानात ठेवा: जी वस्तू सगळे वापरतात तिच्यातला दोष दिसला, तर आधी ती करणाऱ्याला सांगा, आपल्यापुरता उपाय करून गप्प बसणारा दुसऱ्याचा जीव टांगणीला लावतो.