दुपारची तोफ आणि शंभर वड्या

"दोघांचीही सरासरी चूक शून्य!" नरहर दिवाणांनी दरबारात जाहीर केलं आणि मालोजी गोलंदाजाच्या पायाखालची जमीनच सरकली.

भानगड तोफेची होती. गडावरून माध्यान्हीची तोफ उडाल्याशिवाय राजधानीत कुणी घास उचलायचा नाही, खुद्द महाराजांनीही नाही, असा दंडक. तोफ मालोजीच्या घराण्याकडे, आणि तिच्यावर दिवाणांच्या मेव्हण्याचा, विसोबाचा, डोळा. महाराजांनी दोघांना चार-चार दिवस तोफ उडवायला दिली. मालोजी दोनदा एक घटिका लवकर, दोनदा एक घटिका उशिरा. विसोबाचा थाट निराळा! एकदा सात घटिका लवकर, एकदा सात घटिका उशिरा. उरलेल्या दोन दिवसांत एकदा एक घटिका लवकर, एकदा एक घटिका उशिरा. त्या सात घटिका उशिराच्या दिवशी ऊन कलेपर्यंत अर्धं शहर भोवळ येऊन पडलं होतं. पण दिवाणांनी उशिरातून लवकर वजा केलं आणि बाकी शून्य काढली.

"बरोबरी झाली. तेव्हा तोफ विसोबाला!" दिवाण म्हणाले. असल्या निकालाला दिवाणच लागतो.

मालोजीची लेक चिमा उसळून पुढे आली. "महाराज, हा अन्याय आहे!"

महाराजांना सरासरीचं भारी वेड. "पोरी, आमच्या सरासरीला हात लावायचा नाही. तरीही दोघांतला फरक एकेका आकड्यात दाखव. नाहीतर संध्याकाळी तुझा बाप गडाखाली!"

"दाखवते. मुदपाकखान्यातून बेसनाच्या चौकोनी वड्या मागवा!"

ताटं आली. चिमा फरशीवर वड्या मांडू लागली. "एका घटिकेच्या चुकीला एक वडी. सात घटिकांच्या चुकीला सात-सात वड्यांच्या सात रांगा."

"सातांना सातच वड्या!" दिवाण ओरडले.

"दिवाणजी, घटकाभर उशीर झाला तर पोट नुसतं कुरकुरतं. सात घटिका झाला की माणूस पिसाळतो!"

"खरं आहे," महाराज हळूच म्हणाले. "त्या दिवशी आम्ही उशी चावली."

"पण लवकरच्या वड्या वजा कर!" दिवाण पुन्हा ओरडले.

"करा की! यातला लवकरचा चौरस कुठला नि उशिराचा कुठला, तेवढं दाखवा!"

दिवाणांनी दोन्ही चौरस मोजून पाहिले. दोन्हींत वड्या एकोणपन्नासच!

"विसोबांच्या वड्या शंभर, माझ्या आबांच्या चार. दिवस चार, म्हणून चार वाटे केले. आबांच्या वाट्याला एक, विसोबांच्या वाट्याला पंचवीस. त्या पंचवीसांचा चौरस मांडला, बाजू आली पाच. आबा वेळेपासून एक घटिका ढळतात, विसोबा पाच!"

"सरासरी अजूनही शून्यच आहे!" दिवाण हट्टानं म्हणाले.

"आहेच मुळी! मग तुम्ही आज दुप्पट जेवा नि उद्या कडकडीत उपास करा. सरासरी कुठे बिघडते?"

महाराज इतके हसले की पागोटं मांडीवर आलं. "चिमा, तोफ तुमचीच! आणि हे सोन्याचं कडं तुझं. दिवाणजी, या शंभर वड्या आत्ता एकट्यानं संपवा. पुढचे तीन दिवस काही मिळणार नाही. रोजच्या पंचवीस पडतात, काळजी नसावी!"